वहिनींची काजळी

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. दादाला कधी कळली नाही, आणि आता कळायला तो राहिलेला नाही. जिला कळायला हवी होती ती माझी वहिनी, तीही गेल्या माघात गेली. मग आता कुणासाठी सांगतो आहे? — तेही मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही समोर बसला आहात, ऐकता आहात, असं धरून चालतो. मध्येच उठून गेलात तरी माझं काही म्हणणं नाही.

नाशकातली जुनी माणसं मला अजून 'ग्रहणवाले मास्तर' म्हणतात. तुम्हीही ऐकलं असेल. ग्रहण आलं की माझं व्याख्यान ठरलेलं. ग्रहणात अन्न विटाळत नाही, पोटुशी बाईनं विळी हातात घेतली तर पोराचा ओठ फाटत नाही, चंद्राची सावली ती, ती कुणाला शिक्षा करत नाही — हे सगळं मी घसा ताणून सांगायचो. एकदा तर ऐन ग्रहणात सभेसमोर बशीभर पोहे खाल्ले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कुणाला आवडत नाहीत? मला जरा जास्तच आवडत.

आणि हे सगळं सांगत असताना माझ्या घरात एक बाई ग्रहणाची शिक्षा भोगत बसलेली होती. शिक्षा ग्रहणाची नव्हती, हे जगात फक्त मला माहीत होतं.

पण असं एकदम नाही सांगता येत. आधी थोडं मागचं सांगू द्या.

एकोणीसशे तीस साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नुकताच शाळेत शास्त्र शिकवायला लागलो होतो. दादा नाशिक रोडला नोकरीला. सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवेलागणीला परत. घरी आई, वहिनी आणि मी. माझं लग्न व्हायचं होतं. शाळा सुटली की मी वाचनालयात जाऊन बसे. तिथं परदेशातल्या एका आकाशप्रेमी मंडळाचं इंग्रजी मासिक येई. ते उघडून वाचणारा सगळ्या गावात मी एकटाच. जोडून आलेली पानं कापायचा मान तरी माझा, यातच मला मोठेपणा वाटे.

त्या मंडळाची एक गोष्ट मला फार भावली होती. पदवीची अट नाही, दुर्बिणीची अट नाही. कुठल्याही देशातल्या, कुठल्याही माणसानं आकाशात जे पाहिलं ते नीट लिहून कळवावं, मंडळवाले ते तपासून घेत आणि पाहणाऱ्याच्या नावानिशी, गावानिशी छापत. व्याख्यानांसाठी मॅजिक लँटर्नच्या काचचित्रांची पेटीसुद्धा पोस्टानं पाठवत, पाहून झाली की परत करायची. मी ती एकदा मागवली होती. शाळेच्या मोठ्या वर्गात पांढरं धोतर ताणून शनीची कडी दाखवली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी शनी म्हणून डोळे मिटून घेतले होते. मी घरी येऊन हे सांगितलं आणि वहिनी पोट धरून हसल्या.

वहिनी माझ्याच वयाच्या, कदाचित वर्षभरानं लहान. चांदोरीच्या. माहेरी शाळा जेमतेम पाहिलेली, पण डोकं असं, की एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. दुपारी आई लवंडली की त्या निवडायचं ताट घेऊन माझ्याजवळ बसत आणि विचारत, चंद्र रोज उशिरा का उगवतो? अमावस्येला तो असतो कुठं? मी त्यांना मराठी वाचायला शिकवलं, ते लवकरच संपलं. मग इंग्रजी अक्षरं. आपलं नाव — सुभद्रा — इंग्रजीत कसं लिहायचं हे त्या ताटातल्या तांदळावर बोटानं गिरवत. आईची चाहूल लागली की हात फिरवून तांदूळ सारखे.

ते का गिरवत होत्या, तेही सांगतो. श्रावणातल्या अमावस्येला सूर्यग्रहण यायचं होतं. आपल्याकडून अर्ध्याहून बराच जास्त सूर्य झाकलेला दिसणार होता. त्या मंडळानं ग्रहण जिथं जिथं दिसणार त्या सगळ्या देशांतल्या लोकांना आवाहन केलं होतं — ग्रहण लागण्याची आणि सुटण्याची वेळ बरोबर टिपून कळवा. मी ते वहिनींना मराठीत सांगितलं. त्या ताट खाली ठेवून म्हणाल्या, "कुणीही म्हणजे — बायकासुद्धा?"

"बायकासुद्धा."

"मग माझे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत, भाऊजी."

ते खरंच होतं. संध्याकाळी अंगणातून त्यांना पहिली चांदणी माझ्या आधी दिसे. तेव्हा ठरलं. घड्याळ मी धरायचं आणि पाहायचं त्यांनी. दादाचं घड्याळ आदल्या दिवशी स्टेशनवरच्या घड्याळाशी लावून आणायचं. आणि कळवायचं वहिनींच्या नावानं. असं मी कबूल केलं होतं.

आता काजळीचं. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नसतं, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या काळी काचेला काजळी धरून त्यातून पाहत. मासिकात कृती दिली होती, मेणबत्तीवर काच धरायची. माझ्या काचा एक तर तडकल्या, नाही तर वाघाच्या कातड्यासारख्या पट्ट्यापट्ट्यांच्या झाल्या. वहिनींनी त्या बघितल्या आणि माझ्या हातातून काढूनच घेतल्या. घरच्या डोळ्यांचं काजळ त्याच धरायच्या. एरंडेलाचा दिवा, बारीक वात, ज्योत हलू द्यायची नाही. काच आधी उन्हात तापवून घेतली, मग ज्योतीवरून अशी सावकाश फिरवली, की तिच्यावर मखमल बसावी तशी काजळी बसली. एकावर एक हात दिले. मग दोन काचा, काजळीची बाजू आत करून, एकमेकींवर ठेवल्या आणि कडेनं खळीनं कागदाच्या पट्ट्या डकवल्या. लहान काचा लोकांसाठी केल्या. एक मोठी केली, दोन्ही डोळ्यांपुढे मावेल एवढी, ती वेळ टिपण्यासाठी. मोठ्या काचेतून दिव्याकडे पाहिलं तर दिवा दिसेना. सूर्याकडे पाहिलं तर तांब्याच्या पैशाएवढी तांबूस चकती, डोळ्याला जराही न टोचणारी.

इतकी चांगली काच मी पुन्हा कधी पाहिली नाही. हे लक्षात ठेवा.

अमावस्या म्हणजे पोळ्याचा दिवस. गंगापूर रोडला तेव्हा वस्ती नव्हती, गावाबाहेर पडलं की मळेच. तिथल्या एका मोकळ्या माळावर मी लोकांना बोलावलं होतं. शाळेतले दोघे-तिघे शिक्षक, काही मुलं, आमच्या आळीतले वकील. नदीवर बैल धुऊन परतणारे शेतकरी बैलांसकट थांबले. बाकी सगळं गाव रामकुंडावर पाण्यात उभं राहून जप करत होतं. वहिनी आईला रामकुंडावर जाते म्हणून सांगून निघणार होत्या, पण आईचं सोवळंओवळं आटोपून निघायला त्यांना उशीर होणार होता. ग्रहण लागतानाची वेळ मी टिपतो, सुटतानाची तुम्ही टिपा, असं ठरलेलं होतं.

आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसता पातळ पांढरा पडदा. नुसत्या डोळ्यांना त्याच्यामागे सूर्याचा उजेड जाणवे, पण काजळीच्या काचेतून काहीच दिसेना. ग्रहण लागायची वेळ तर हातची गेलीच. लोक काचा उलटसुलट करून बघू लागले. एक शेतकरी म्हणाला, "मास्तर, काय बी दिसत नाय. नुसतं काळं हाय." पोरं फिदीफिदी हसली. वकील म्हणाले, "मास्तर, ग्रहण सूर्याला लागलंय की तुमच्या काचांना?"

सगळे हसले. मी पण हसलो — आणि आतून जळलो. आठवडाभर आधी गावात सांगत फिरलो होतो, या, बघा, घाबरू नका. आता हीच मंडळी रामकुंडावर जाऊन सांगणार, मास्तरचं शास्त्र काळंठिक्कर निघालं म्हणून. मी पाठ वळवली. मोठ्या काचेच्या तीन कडांच्या पट्ट्या नखानं फाडल्या, काचा वेगळ्या केल्या, आणि धोतराच्या सोग्यानं —

पुसली. एका काचेची सगळीच काजळी पुसली आणि दुसरीवरची वरवर घासली. राहिला तो तपकिरी धुरकट थर. काचा पुन्हा जुळवून सुतळीनं बांधल्या.

त्यातून सूर्य दिसला. ढगाआड, कोर खाल्लेल्या भाकरीसारखा. "दिसलं, दिसलं" झालं. एकेकानं क्षणभर बघून काच पुढे दिली. वकिलांनी माझी पाठ थोपटली. तो शेतकरी बघून म्हणाला, "लय भारी हाय की," आणि त्यानं बैलाच्या डोळ्यांपुढेसुद्धा काच धरली. सगळा माळ हसला. या वेळी लोक माझ्याबरोबर हसत होते. मला माझाच अभिमान वाटत होता.

वहिनी आल्या तेव्हा ग्रहण उतरणीला लागलं होतं. धावत आल्यानं घाम फुटलेला, घरी आईला ओलं लुगडं दाखवायला म्हणून वाटेत कुठंतरी पदर भिजवून घेतलेला. काच हातात घेतल्यावर त्यांनी सुतळी पाहिली.

"पट्टी काय झाली?"

"खळ ओली होती, सुटली," मी म्हणालो.

इतकं सहज म्हणालो. का? लोकांसमोर, बाईमाणसासमोर, तुमची काच मी खराब केली असं म्हणायला जीभ वळली नाही. लहान काचा होत्याच. त्यांपैकी एक द्यायला काय अडचण होती? पण दिली असती तर का दिली हे सांगावं लागलं असतं. आणि ढग तर होतेच, असं मी मनाशी म्हटलं.

वहिनींनी काच डोळ्यांपुढे धरली. आपल्याच हातची काच, दिव्यावर तपासलेली. त्यांनी कशाला शंका घ्यावी?

आणि ढग फाटले. श्रावणातलं ऊन — एकदम सगळ्या माळावर. बैलांच्या ओल्या पाठी चमकायला लागल्या. मी वहिनींकडे पाहिलं. काचेतून आलेल्या उन्हाचा एक तांबूस पट्टा त्यांच्या गालावर पडला होता. तुम्हाला कळतं का याचा अर्थ? चांगल्या काजळीतून गालावर ऊन पडत नसतं. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. नाही कळलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फार लख्ख दिसतंय. डोळ्यांत पाणी येतंय."

आणि मी काय म्हणालो? हातात घड्याळ होतं. एक वेळ आधीच हुकली होती. ही पण हुकली तर नाशिकचं नाव कुठंच येणार नव्हतं — नाशिकचं कसलं, माझं. मी म्हणालो, "आता थोडंच राहिलंय वहिनी. डोळे हलवू नका."

त्यांनी हलवले नाहीत. पाणी गालावरून ओघळत होतं, तरी पापणी लवू दिली नाही. कोर भरत आली, भरत आली. लांब गावाकडून 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी यायला लागली, तरी त्या गप्पच, कारण अजून सुटलं नव्हतं. लोक उगीच घाई करत होते. मग त्या म्हणाल्या, "सुटलं." मी वेळ टिपली.

त्याच दुपारी मी ती वेळ लिहून पोस्टात टाकली. माझ्या नावानं. एका बाईनं पाहिलेलं तिकडे कोण खरं मानणार, अशी माझी मी समजूत घातली. त्या मंडळात बायका होत्या, हे मी स्वतः वाचलेलं होतं. पुढे त्यांनी ते छापलंही, माझं नाव आणि नाशिक. वहिनींनी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी तांदूळ निवडताना वहिनींना ताटाच्या मधोमध काळं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्या खड्याकडे बघावं तोच खडा दिसेना, त्याच्या भोवतालचे दाणे दिसत. पुस्तक उघडलं तर ज्या अक्षरावर नजर ठेवावी ते अक्षर नाहीसं. चार दिवस त्यांनी लपवलं. मग पोळी उलटताना हात तव्यावर पडला आणि घरात कळलं. कुठं गेली होतीस, काय पाहिलंस, सगळं बाहेर पडलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "सूर्य पीडेत असताना त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तो सोडेल होय?"

दादानं मला सांगितलं, डॉक्टरांकडे घेऊन जा. मी नेलं. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. त्यांनी डोळे तपासले आणि मला सांगितलं, सूर्यामुळे डोळ्यांच्या आत भाजलं आहे. काच पातळ असणार, काजळी कमी असणार. जे गेलं ते परत यायची आशा फार नाही. त्यांनी मला विचारलं, काच कशी होती? मी इंग्रजीत उत्तर दिलं, पुरेशी जाड होती, सर.

वहिनी शेजारी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर, त्याच खोलीत, डॉक्टर सगळं खरं बोलले होते. त्यांना अक्षरं येत होती, भाषा येत नव्हती. भाषा मी होतो.

परत येताना टांग्यात त्यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"उन्हानं डोळे दुखावलेत म्हणाले."

मग अगदी हळू, "भाऊजी, खरं सांगा. माझी काजळी कमी पडली का?"

आता इथं — इथं मला वाट होती. आजपर्यंत मी त्या टांग्यातून उतरलेलो नाही. एक वाक्य होतं. वहिनी, काजळी तुम्ही चांगली धरली होती, मी ती पुसली. दादानं मला घराबाहेर काढलं असतं, गावात छीथू झाली असती, पोटभर हसले असते लोक. एवढंच ना?

मी म्हणालो, "नाही वहिनी. तुमची काजळी अगदी बरोबर होती."

आणि मला वाटलं, मी निदान एवढं तरी चांगलं केलं. त्यांच्या अंगावर दोष येऊ दिला नाही.

वहिनींनी मान हलवली. त्यांचं डोकं चांगलं चालायचं, सांगितलं ना तुम्हाला. त्या म्हणाल्या, "काच बरोबर होती. ढगही गेले होते. मग आई म्हणतात तेच खरं."

मी टांगेवाल्याला पुढचं वळण सांगितलं. टांगा चालला होता.

त्या दिवसापासून चंद्र उशिरा का उगवतो हे वहिनींनी कुणाला विचारलं नाही. मी वाचून दाखवतो म्हटलं तर म्हणाल्या, "नको भाऊजी, त्यातच तर चुकले." ग्रहण आलं की देवघराच्या भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून बसायच्या. त्याच वेळी मी सभेत पोहे खात असायचो. आणि रविवार धरला त्यांनी, सूर्याचा वार. रविवारी दिवसातून एकदा जेवण, तेही अळणी. कितीतरी वर्षं. मी त्यांच्यासमोर बसून वरणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केलेली आहे.

कुणाकडे बघायचं झालं की त्या मान थोडी बाजूला वळवत. सरळ पाहिलं की माणूस दिसत नसे, कडेनं दिसे. नव्या माणसाला वाटे, बाई तोंड फिरवते. मला वाटे, माझ्याकडे बघूच नये यांनी.

गेल्या माघात त्या अंथरुणाला खिळल्या. दादा आधीच गेलेला, आई तर कधीच. मी जवळ बसलो होतो. दुपार होती, ऊन पायथ्याशी आलं होतं. सांगायचं मी ठरवून आलो होतो. खरंच ठरवून आलो होतो. त्यांनी मान बाजूला वळवली, म्हणजे माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं भाऊजी. रविवार मी दोघांचे धरले."

मला कळेना.

"मला पाहायला तुम्ही सांगितलं होतं. ते पाप तुमच्याकडेही गेलं असतं. म्हणून अर्धे रविवार तुमच्या डोळ्यांसाठी केले. आई असताना बोलले नाही, त्या रागावल्या असत्या." मग जरा हसल्या. "लागू पडलं बघा."

त्यांचा हात माझ्या हातात होता, तो मी सोडला नाही, एवढंच. दोन दिवसांनी त्या गेल्या.

मी आता म्हातारा झालो. गुडघे गेले, ऐकायला कमी येतं. पण वर्तमानपत्र अजून चष्म्याशिवाय वाचतो. बायको सुई घेऊन माझ्याकडेच येते, आणि दोरा मी पहिल्या खेपेला ओवून देतो. माझे डोळे फार चांगले आहेत.